वाचकांचे प्रश्न : ‘दोन वर्षांची’ पदवी किती वर्षांची?

प्रश्न : सांगलीला बी. ए.चे दुसरे वर्ष संपले त्या सुमारास माझे लग्न झाले आणि शिक्षण तिथेच थांबले. आता मी ३७ वर्षांची आहे. गेली सहा वर्षे कॅलिफोर्नियात फ्रिमाँट येथे राहते, ग्रीन कार्ड मिळाले आहे आणि धाकटा मुलगा शाळेत जाऊ लागला आहे. जवळच्या कम्युनिटी कॉलेजातून (इथले स्थानिक सरकारी कॉलेज) लिबरल आर्ट्सची दोन वर्षांची असोसिएट पदवी (बॅचलरच्या आधीची) घ्यावी आणि पुढे प्राथमिक शाळेत शिकवावे, असे मनात आहे. घर सांभाळून हे दोन वर्षांत जमेल का? जुन्या दोन वर्षांचा काही उपयोग होईल का? माझी शाळा मराठी माध्यमाची होती, याचीही धास्ती वाटते.
— एक वाचक, फ्रिमाँट

उत्तर : ‘दोन वर्षे’ हे शब्द आपण आधी बाजूला ठेवावेत. ही पदवी ६० सेमिस्टर युनिटांची असते आणि ती दोन वर्षांत संपवायची तर दर सेमिस्टरला १५ युनिटे घ्यावी लागतात. एका युनिटामागे आठवड्याला साधारण एक तास वर्ग आणि दोन तास घरचा अभ्यास धरला जातो. त्या हिशेबाने १५ युनिटांना आठवड्याचे ४५ तास लागतील, म्हणजे ती पूर्णवेळ नोकरीच झाली. सेमिस्टरला दोनच विषय, म्हणजे सहा युनिटे घेतलीत, तर आठवड्याचे १८ तास लागतील आणि पदवीला पाच वर्षे. दर उन्हाळ्यात एक विषय घेत गेल्यास चार. मला हाच मार्ग शहाणपणाचा वाटतो. राज्यातील रहिवाशांना शुल्क युनिटामागे ४६ डॉलर, म्हणजे संपूर्ण पदवीचे २,७६० डॉलर पडते, आणि ते युनिटांवर आकारले जात असल्याने सावकाश शिकल्याचा वेगळा भुर्दंड बसत नाही.

याहून महत्त्वाचा प्रश्न पदवीच्या नावाचा आहे. प्राथमिक शिक्षिका होण्यासाठी आपल्याला पुढे बॅचलर पदवी आणि शिक्षकाचा परवाना लागेल, त्यामुळे ही पदवी म्हणजे निम्मी वाट आहे. कॅलिफोर्नियात २०१०च्या कायद्याने ‘ट्रान्सफरसाठीची’, म्हणजे पुढे विद्यापीठात जाऊन बॅचलर पूर्ण करण्यासाठीची, असोसिएट पदवी सुरू झाली. तिच्या नावापुढे ‘टी’ हे अक्षर असते. ती मिळवणाऱ्याला कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या एखाद्या तरी केंद्रात प्रवेशाची हमी असते (हव्या त्याच केंद्रात मात्र नव्हे), आणि त्याच विषयात पुढे गेल्यास उरलेल्या ६० युनिटांत बॅचलर पदवी पूर्ण होऊ शकते. नुसत्या ‘लिबरल आर्ट्स’ नावाच्या स्थानिक पदवीला ही हमी नसते. प्राथमिक शिक्षक होऊ इच्छिणाऱ्यांसाठी ‘एलिमेंटरी टीचर एज्युकेशन’ ही वेगळी ‘टी’ पदवी आहे. ती आपल्या कॉलेजात आहे का, हे पहिला विषय निवडण्यापूर्वीच तिथल्या काउन्सेलरला (विषय निवडीच्या सल्लागाराला) विचारावे, कारण हा प्रश्न तिसऱ्या वर्षी विचारला तर काही विषय वाया गेल्याचे कळते, आणि तोवर ते घेऊन झालेले असतात.

सांगलीची दोन वर्षे संपूर्ण जमेस धरली जातील, अशी अपेक्षा ठेवू नये. विद्यापीठाकडून गुणपत्रिकांच्या अधिकृत प्रती आणि मिळाल्यास त्या वर्षांचा अभ्यासक्रम मागवावा, इथल्या मान्यताप्राप्त मूल्यमापन संस्थेकडून तपासून घ्यावा. किती युनिटे द्यायची हे शेवटी कॉलेज ठरवते. काही ऐच्छिक विषयांतून सूट मिळाली तरी एखादे सेमिस्टर वाचेल.

मराठी माध्यमाची धास्ती मी समजू शकतो, पण ती चुकीच्या जागी आहे असे वाटते. अडचण इंग्रजीची कमी आणि परीक्षापद्धतीची अधिक येते. आपल्याकडे वर्षभर वर्गात बसून शेवटच्या महिन्यात गाईड घेऊन उजळणी करता येत असे. इथे दर आठवड्याला काही ना काही लिहून द्यावे लागते, कच्चा मसुदा दाखवून तो सुधारावा लागतो, आणि पुस्तकातील वाक्य उगम न सांगता उतरवले तर ती चोरी समजली जाते. त्यासाठी कॉलेजातील लेखन-साहाय्य केंद्रात निबंध घेऊन जावे. तिथे जाण्यात कमीपणा नाही. पहिल्या सेमिस्टरला इंग्रजी लेखन आणि आवडीचा एकच विषय घ्यावा. एखादा विषय झेपेनासा झाला तर माघारीची शेवटची तारीख उलटण्यापूर्वी नाव काढून घ्यावे. गुणपत्रिकेवर ‘डब्ल्यू’ येतो, पण सरासरीला धक्का लागत नाही. ती तारीख मात्र प्रत्येक विषयाची वेगळी असू शकते, म्हणून वर्ग सुरू होताच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी.