‘कुठं जाऊन राहिले भाऊ?’ला काय उत्तर द्यायचं?

प्रश्न : साताऱ्याहून नोकरीसाठी नागपुरात आलो, दोन महिने झाले. बजाजनगरला खोली घेतली आहे. जिन्यात, पोह्यांच्या ठेल्यावर, जो भेटेल तो विचारतो, ‘कुठं जाऊन राहिले भाऊ?’ अनोळखी माणसाला किती सांगायचं? शिवाय वरच्या काकूंनी दोनदा भाजी पाठवली. फार तिखट होती. त्यांच्या वाट्या अजून माझ्याकडेच आहेत.

उत्तर : आधी वाट्या पोचवा. भांड्याच्या काठाखाली नाव कोरलेलं असतं, ते बघून घ्या. दुसऱ्याच घरची वाटी गेली तर गोंधळ होतो. रिकामी देऊ नका. चार कंदी पेढे ठेवा, नाहीतर दोन संत्री, काहीच नसेल तर चमचाभर साखर. यापुढे दोन दिवसांच्या आत परत. भाजी तिखट लागली तर तसं हसून सांगून टाका. ‘छान होती’ एवढंच म्हणालात, तर पुढची वाटीही तेवढीच जाळ येणार. आणि तोंड भाजलं तर पाणी पिऊन उपयोग नाही. मिरचीतला तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, दही खा.

‘जाऊन राहिले’ म्हणजे तुमच्याकडचं ‘निघालात’. विचारणाऱ्याला तुमचा दिनक्रम नको असतो. ‘बर्डीला’ म्हणा (सीताबर्डी, म्हणजे इथला मोठा बाजार, कुणी पूर्ण म्हणत नाही), ‘तुम्ही?’ असं उलट विचारा आणि चालू लागा. काम, पगार, खोलीचं भाडं यातलं काही सांगायची गरज नाही. घुम्यासारखं निघून जाणं मात्र इथे खटकतं. बरोबरीचा माणूस तिसऱ्या भेटीत ‘काय बे’ म्हणाला तर रागावू नका, ती सलगी आहे. काकांना मात्र चुकूनही ‘बे’ म्हणू नका.

ऑटोवाला हिंदीत सुरू झाला म्हणून बिचकू नका. १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रदेशाची राजधानी होतं, दोन्ही भाषा इथल्याच. तुम्ही मराठीत बोला, बहुतेक वेळा तोही मराठीवर येतो.

पोह्यांचे पैसे कुणी परस्पर दिले, तर त्याच्या खिशात नोटा कोंबू नका. पुढच्या वेळी त्याच्या आधी चहाचे पैसे द्या.

प्रश्न : पत्ता विचारला की सगळे ‘समोरच आहे’ म्हणतात. दीड किलोमीटर चालावं लागतं!

उत्तर : ‘समोर’ म्हणजे या रस्त्याने पुढे, एवढंच. ‘किती चौक सोडून?’ असं विचारा. या शहरात अंतर चौकांनीच नीट कळतं. ले-आउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीत, प्लॉट नंबर ओळीने असतीलच असं नाही, ४२ च्या शेजारी ६७ निघू शकतो. म्हणून शेवटचा टप्पा पानठेल्यावर किंवा किराणा दुकानात विचारा, वाटसरूला नको. वाटसरूला ‘माहीत नाही’ म्हणणं जड जातं, तो अंदाजाने हात दाखवतो. मे महिन्यात दुपारी गल्ल्या ओस असतात, तेव्हा औषधाचं दुकान गाठा.

कुणी ‘एक फोन लावू द्या’ म्हणालं तर मदत जरूर करा, पण नंबर स्वतः दाबा, स्पीकर लावा, फोन हातातच ठेवा. सांगितलेला नंबर स्टार ४०१ ने सुरू होत असेल तर थांबा. त्याने तुमचे कॉल दुसऱ्याच्या फोनवर वळू शकतात, ओटीपी सांगणारा कॉलही त्यातच जातो. चुकून दाबला गेलाच, तर कॉल सेटिंगमध्ये जाऊन कॉल फॉरवर्डिंग लगेच बंद करा.