नाशिकमध्ये एवढे फ्लॅट रिकामे पडलेत, तरी मंदीत भाव का उतरत नाहीत? घर घ्यायला थांबावं का?

तुम्ही लिहिलंय की पाथर्डी फाटा, आडगाव, म्हसरूळ या बाजूंना संध्याकाळी निम्म्या खिडक्यांत दिवा दिसत नाही, कारखान्यांत नोकऱ्यांचं खरं नाही, तरी बिल्डर जुनाच भाव सांगतो. अमेरिकेत 2008 नंतर झालं तसं इथे होईल का, हा तुमचा खरा प्रश्न. मी नाशिकमध्ये बँकांसाठी घरांचं मूल्यांकन करतो, त्यामुळे बोर्डावरचा भाव आणि दस्तातला भाव दोन्ही बघण्यात असतात.

भाव उतरतो, पण तो बोर्डावर उतरलेला दिसत नाही. गिऱ्हाईक कमी झालं की आधी पार्किंग फुकट होतं, मग जीएसटी बिल्डर भरतो, नोंदणीचा खर्च उचलतो, किचन ट्रॉल्या बसवून देतो. प्रति चौरस फूट दर तोच राहतो. कारण दर उघडपणे खाली आणला, तर त्याच स्कीममध्ये आधी बुकिंग केलेले लोक दुसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन बसतात. शिवाय प्रकल्पासाठी घेतलेलं कर्ज त्याच दराच्या हिशेबावर मंजूर झालेलं असतं.

तिसरं कारण रेडी रेकनर, म्हणजे सरकारने भागाप्रमाणे ठरवलेले मालमत्तेचे दर, आणि ते फार कमी लोक लक्षात घेतात. दस्तातली किंमत सरकारी मूल्यापेक्षा कमी असली तरी मुद्रांक शुल्क सरकारी मूल्यावरच लागतं. फरक 10 टक्क्यांहून जास्त असेल तर बिल्डरला न मिळालेल्या पैशावर आयकर बसतो, आणि तुमच्या बाबतीतही तो फरक उत्पन्न धरला जाऊ शकतो. म्हणजे मंदी कितीही खोल गेली तरी कागदावर एका पातळीखाली जाणं दोघांनाही परवडत नाही. लॉकडाऊननंतर केंद्राने नवीन घरांसाठी ही 10 टक्क्यांची मर्यादा जून 2021 पर्यंत 20 टक्क्यांवर नेली होती, ती याच अडचणीमुळे.

आपल्याकडे खरी घसरण वेळेतून होते. नोव्हेंबर 2016 मध्ये नोटाबंदी आली, मे 2017 मध्ये महारेरा (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण), जुलैमध्ये जीएसटी. नाशिकच्या बाजारात निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्ष आणि कांद्याचा पैसा मोठ्या प्रमाणावर येतो, तो तेव्हा आखडला. त्यानंतर कितीतरी ठिकाणी दर जागचा हललाच नाही. समजा 40 लाखांचा फ्लॅट पाच वर्षं 40 लाखांवरच राहिला आणि महागाई दरवर्षी 5 टक्के होती, तर पाच वर्षांपूर्वीच्या रुपयांच्या हिशेबाने त्याची किंमत सुमारे 31 लाखांवर आली. कोणी बातमी छापली नाही, पण मालकाचं नुकसान झालंच.

अमेरिकेत 2006 ते 2012 मध्ये देशभरात घरांचे भाव साधारण चौथ्या हिश्श्याने पडले, आयर्लंडमध्ये 2007 नंतर जवळजवळ निम्म्यावर आले. तिथे पुरवठा जास्त होता हे खरं, पण नुसत्या पुरवठ्याने भाव एवढा पडत नाही. तो पाडतो अडलेला विकणारा. उत्पन्न न तपासता दिलेली कर्जं, काही वर्षांनी एकदम वाढलेले हप्ते, आणि मग बँकांनी ताब्यात घेतलेली घरं एकाच वेळी विक्रीला. आपल्याकडे 30 लाखांपर्यंतच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त 90 टक्के देते, 75 लाखांपर्यंत 80 टक्के. म्हणजे माणसाचा स्वतःचा पैसा आत अडकलेला असतो. अंबडच्या कारखान्यात शिफ्ट कमी झाली तर बायकोचे दागिने गहाण पडतात, पण हप्ता चुकू देत नाहीत. हे मी फार घरांत पाहिलंय आणि दर वेळी जीव कळवळतो. भाव टिकतो त्याची किंमत कोण मोजतं, हे त्यात दिसतं.

तुम्ही बघितलेल्या अंधाऱ्या खिडक्या सगळ्या न विकलेल्या नाहीत. काही मुंबईकरांनी गुंतवणूक म्हणून घेतलेल्या, कर्ज नसलेल्या. त्यांना विकायची घाई नाही. काही इमारती कागदात अडकलेल्या असतात. 2015-16 च्या सुमाराचा कपाटांचा प्रश्न जुन्या नाशिककरांना आठवत असेल: नकाशातलं कपाट खोलीत घेतलं म्हणून एफएसआयचा (प्लॉटवर किती बांधकाम करता येतं त्या मर्यादेचा) भंग धरला गेला आणि कितीतरी इमारतींचे पूर्णत्वाचे दाखले थांबले. असे फ्लॅट रिकामे असतात, पण तुमच्या कामाचे नसतात.

मग थांबावं का? 2020 मध्ये थांबलेल्यांना फायदा झाला, पण तो घराच्या भावाने नव्हता. राज्याने मुद्रांक शुल्क सप्टेंबरपासून 3 टक्क्यांनी आणि नंतर मार्च 2021 पर्यंत 2 टक्क्यांनी उतरवलं, रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो) 4 टक्क्यांवर आला, गृहकर्ज 7 टक्क्यांच्या खाली मिळू लागलं. 30 लाखांचं 20 वर्षांचं कर्ज 9 टक्क्यांनी घेतलं तर हप्ता सुमारे 27,000, आणि 7 टक्क्यांनी 23,300. एवढा फरक घासाघीस करून मिळत नाही. मात्र मे 2022 ते फेब्रुवारी 2023 मध्ये तोच रेपो 6.5 वर गेला आणि हप्ते किंवा मुदती वाढल्या, हेही ध्यानात ठेवा.

तुमच्या जागी मी असतो तर भाव पडण्याची वाट बघण्याऐवजी अडलेला विकणारा शोधला असता: पूर्णत्वाचा दाखला हातात असलेली आणि तरी बरेच फ्लॅट शिल्लक असलेली स्कीम. अशा फ्लॅटवर जीएसटी नाही. न विकलेल्या फ्लॅटवर पूर्णत्वाच्या दाखल्यानंतर साधारण दोन वर्षांनी बिल्डरला मानीव भाड्यावर, म्हणजे न मिळालेलं भाडं मिळालं असं धरून, आयकर लागू होतो, व्याज तर चालूच असतं. तेव्हा तो नीट बोलतो. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पात किती सदनिका विकल्या गेल्या ते दिसतं. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर त्याच इमारतीतल्या अलीकडच्या दस्तांची सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) काढा. त्यात मोबदला आणि बाजारमूल्य दोन्ही लिहिलेलं असतं. ते कागद घेऊन बोलायला जा, आणि फुकट किचनऐवजी तेवढी रक्कम दरातून कमी करून मागा, कारण कर्ज आणि व्याज त्यावरच ठरतं. तुमचा पगार ओव्हरटाइमवर अवलंबून असेल तर हप्ता मूळ पगारावर बसवा. तो बसत नसेल तर अजून वर्षभर भाड्यानेच राहा. 50 लाखांच्या फ्लॅटला 12,000 भाडं पडत असेल, तर वर्षाला 3 टक्केही होत नाहीत, आणि कर्जाचं व्याज त्याच्या दुपटीहून जास्त असतं.