पी व्हॅल्यू 0.05 च्या वर आली तर 'फरक नाही' असं लिहायचं का? 0.05 च का? आणि दोन सरासऱ्यांची तुलना करायला टी टेस्ट लावायची की झेड?

नाही, असं लिहायचं नाही. पी व्हॅल्यू म्हणजे खरा फरक नसताना नुसत्या योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता. 'फरक आढळला नाही' आणि 'फरक नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. त्या एका शब्दावरून मी साकीनाक्याच्या एका गाळ्यात साहेबांशी भांडले आहे, म्हणून हा प्रश्न दिसल्यावर राहवलं नाही.

बीएस्सी स्टॅट्स झाल्या झाल्या मी केसांच्या तेलाच्या पॅकिंगमध्ये क्वालिटीला लागले. 200 मिलीच्या बाटल्या, भरायला दोन मशीन. जुन्याचा नोझल बंद झाल्यावरही ठिबकत राहायचा, खालच्या ट्रेमध्ये दुपारपर्यंत तेल साचलेलं असायचं. मला शंका होती की या मशीनच्या बाटल्या कमी भरतात. साहेब म्हणाले, आठ-आठ काढून बघ.

जुन्याची सरासरी 198.6 आली, नव्याची 200.0. प्रमाण विचलन, म्हणजे बाटल्या सरासरीपासून साधारण किती मागेपुढे होतात ते, दोन्हीकडे 2 च्या आसपास. पी 0.18. साहेबांनी रिपोर्टवर लाल पेनाने लिहिलं, "दोन्ही मशीन सारखी."

मी म्हटलं, सर, एवढा फरक खरोखर असला तरी आठ-आठ बाटल्यांत तो चारपैकी तीनदा निसटणार. 95 टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे या आकड्यांशी जुळणाऱ्या फरकांचा पट्टा, उणे 0.7 पासून 3.5 पर्यंत जातो, म्हणजे जुनं मशीन साडेतीन मिली कमी भरत असेल हेही याच आकड्यांत बसतं. ते म्हणाले, "पुस्तकात 0.05 दिलंय ना? मग झालं."

पुस्तकात ते कुठून आलं? संख्याशास्त्रज्ञ फिशरने 1925 मध्ये विसात एक ही हद्द सोयीची म्हणून सुचवली, एवढंच. त्याच्याच चहाच्या प्रयोगात एक बाई म्हणायच्या की दूध आधी घातलंय की नंतर हे मला चवीवरून कळतं; आठ कप होते, चारांत दूध आधी, चारांत नंतर. सगळे नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता सत्तरात एक. तोच प्रयोग दोन-दोन अशा चारच कपांवर केला, तर जीभ कितीही तयार असो, पी सहात एकच्या खाली उतरूच शकत नाही. मग त्या बाईंना चव कळत नाही असं लिहायचं का? साहेबांनी नेमकं तेच केलं होतं.

पुढचे दोन आठवडे मी जेवणाच्या सुट्टीत बाटल्या तोलल्या. आधी रिकामी, मग भरलेली, वजनातला फरक तेलाच्या घनतेने भागायचा. प्रत्येक मशीनच्या चाळीस. फरक 1.2 मिली, पी 0.009. नोझलचा वॉशर बदलला गेला. लाल पेनातलं वाक्य मात्र फाईलमध्ये कुणी खोडलं नाही, आणि ते मला आजही सलतं.

तेव्हा आधी ठरवा की किती फरक तुमच्या कामाला लागतो, मग सॅम्पल काढा. 2 च्या विचलनात 1.4 मिलीचा फरक पाचपैकी चारदा पकडायचा तर प्रत्येकी 34 च्या आसपास बाटल्या लागतात. विचलन सॅम्पलमधूनच काढताय ना? मग टी. झेड विचलन आधीपासून माहीत असेल तेव्हा.

एक राहिलं. पी खाली येईपर्यंत बाटल्या वाढवत जाऊ नका, तसं केलं तर 0.05 ला अर्थच उरत नाही. मी चाळीस हा आकडा सुरू करण्याआधीच वहीत लिहिला होता, आणि पहिल्या आठ त्यात धरल्या नव्हत्या.