बलं चारच, मग घर्षण कुठं गेलं? वाचकांचे प्रश्न

निसर्गात मूलभूत बलं चारच असं मागच्या वेळी लिहिलं होतं, म्हणजे ग्रॅव्हिटी (गुरुत्वाकर्षण), इलेक्ट्रोमॅग्नेटिक (वीज आणि चुंबकाचं), स्ट्राँग (अणूचं केंद्र बांधून ठेवणारं) आणि वीक (एका कणाचा दुसरा कण करणारं), आणि त्यात ग्रॅव्हिटी सगळ्यात कमजोर, त्यावर बरेच प्रश्न आलेत. त्यातले काही घेतो.

प्रश्न : सर, मी अकरावीत आहे, कागलला. आमच्या पुस्तकात घर्षण, दोरीचा ताण, स्प्रिंगचं बल, जमिनीचा नॉर्मल फोर्स अशी भरपूर बलं आहेत. तुम्ही चारच म्हणताय, मग ही बाकीची कुठं गेली?

कुठं गेली नाहीत बाळा, ही सगळी एकाच बलाची वेगवेगळी रूपं आहेत, इलेक्ट्रोमॅग्नेटिकची. खासबागेत कुस्ती बघितली असशील तर आठव, पैलवान मूठभर माती घेऊन समोरच्याच्या अंगावर चोळतो, कारण घामानं हात निसटतो आणि माती लागली की पकड बसते. ही पकड म्हणजे काय, तर तळहाताचे अणू आणि समोरच्याच्या खांद्याचे अणू इतके जवळ येतात की एकमेकांच्या इलेक्ट्रॉनना ते ओढतात-ढकलतात, आणि त्या अब्जावधी छोट्या ओढाताणींची बेरीज म्हणजे आपलं घर्षण. दोरी तुटत नाही ते अणूंमधल्या बंधांमुळं, ते बंधही विजेचेच. तू जमिनीतून खाली जात नाहीस ते पण त्यामुळंच, त्यात क्वांटमचा, म्हणजे अणूएवढ्या बारीक जगाच्या गणिताचा, एक नियम भर घालतो की दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत, पण तो नियम आहे, पाचवं बल नव्हे. पुस्तकातली नावं हिशेबाच्या सोयीसाठी आहेत, ती वापरच, फक्त प्रत्येक नावाखाली खरं काय चाललंय हे एकदा स्वतःला विचारत जा.

प्रश्न : मी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहे. आमच्याकडं क्रेनला मोठा मॅग्नेट लावून स्क्रॅप उचलतात. तुम्ही ग्रॅव्हिटी सगळ्यात कमजोर म्हणता, पण मॅग्नेटचा करंट बंद केला की माल धाडकन खाली येतोच की.

दादा, हा प्रश्न फार आवडला, कारण उत्तर रोज तुमच्या डोळ्यासमोर लटकतंय. एका बाजूला तो मॅग्नेट, दोन हातात मावेल एवढ्या रुंदीचा समजा, आणि दुसऱ्या बाजूला अख्खी पृथ्वी, ६ वर २४ शून्यं एवढ्या किलोची, ती खालनं सगळा जोर लावून ओढतीय. तरी करंट चालू आहे तोवर मॅग्नेट जिंकतो! दोन प्रोटॉन घेतले तर त्यांच्यातलं विजेचं ढकलणं हे ग्रॅव्हिटीच्या ओढीपेक्षा १ वर ३६ शून्यं इतक्या पटीनं जास्त भरतं.

मग आपल्याला दिवसभर ग्रॅव्हिटीच का जाणवते? कारण वीज दोन प्रकारची, प्लस आणि मायनस, आणि मोठ्या वस्तूत दोन्ही जवळपास सारख्या असल्यानं एकमेकांना खाऊन टाकतात. ग्रॅव्हिटीत मायनस नाहीच, प्रत्येक कणाची ओढ आधीच्या ओढीत मिळतच जाते, म्हणून पृथ्वीएवढा ढीग झाला की ती भारी पडते.

जाता जाता, भट्टीतल्या तांबडालाल लोखंडाला मॅग्नेट का धरत नाही हे बघितलं असेल. ७७० अंश सेल्सियसच्या वर लोखंडातली चुंबकी शिस्त मोडते, उष्णतेनं अणू इतके हलतात की एका दिशेला राहतच नाहीत.

प्रश्न : राजारामपुरीतून विचारतेय. अंबाबाईच्या किरणोत्सवात कुठलं बल काम करतं? मुलगा विचारत होता, मला सांगता येईना.

ताई, मुलाला सांगा, चारही. खरंच चारही, आणि हे मला स्वतःला इतकं सुंदर वाटतं की जरा सविस्तर लिहितो.

आधी ग्रॅव्हिटी. सूर्यानं पृथ्वीला धरून ठेवलंय, अक्ष साडेतेवीस अंश कललेला, त्यामुळं मावळतीची जागा रोज थोडी सरकते. किरणोत्सव म्हणजे मावळत्या सूर्याचे किरण थेट कोल्हापूरच्या देवळातल्या देवीच्या मूर्तीवर पडतात ते दिवस. तारखा बघा, ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. १० नोव्हेंबरपासून २१ डिसेंबर ४१ दिवसांवर, आणि तिथून ३१ जानेवारी परत ४१ दिवसांवर. दोन्ही वेळा सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला साधारण १७ अंशावर असतो, एकदा जाताना, एकदा येताना, म्हणून किरण त्याच महाद्वारातनं आत येतात.

आता तो उजेड आला कुठनं? सूर्याच्या गाभ्यात दीड कोटी अंश तापमान, तिथंही दोन प्रोटॉन एकमेकांना ढकलतातच, क्वचित कधी ते अगदी जवळ येतात आणि त्यातनंही क्वचित, अगदी क्वचित, त्यातल्या एकाचा न्यूट्रॉन होतो. हे काम वीक फोर्सचं. एखाद्या प्रोटॉनला आपली पाळी यायला सरासरी अब्जावधी वर्षं लागतात, आणि ह्या संथपणामुळंच सूर्य ४६० कोटी वर्षं शांतपणे जळतोय, नाहीतर केव्हाच संपला असता. मग स्ट्राँग फोर्स ते कण बांधतो, पुढं हेलियम होतो. हा फोर्स कुस्तीतल्या पकडीसारखा आहे, अंगाला अंग भिडलं तर सुटका नाही, हातभर लांब असलात तर काही नाही. त्याचा पल्ला अणुकेंद्राएवढाच. दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचा हेलियम होतो, त्यातलं ४० लाख टनांच्या वर वस्तुमान ऊर्जा होऊन बाहेर पडतं.

आणि उजेड स्वतः इलेक्ट्रोमॅग्नेटिक. सूर्याच्या पृष्ठभागावरनं देवीच्या गाभाऱ्यापर्यंत यायला त्याला फक्त ८ मिनिटं २० सेकंद, पण ती ऊर्जा सूर्याच्या गाभ्यातनं पृष्ठभागावर यायलाच हजारो वर्षं गेलेली असतात. हे मुलाला नक्की सांगा.

प्रश्न : वीक फोर्स घरात कुठं दिसतो का?

दिसत नाही, पण असतो. केळं, नारळ, आपलं शरीर, सगळ्यात पोटॅशियम असतं आणि त्याचा अगदी थोडा भाग किरणोत्सारी. मोठ्या माणसाच्या अंगात सेकंदाला चारेक हजार असे अणू बदलतात, ते वीक फोर्समुळंच. घाबरायचं कारण नाही, माणूस पहिल्यापासून असाच आहे.

प्रश्न : चारही बलं मुळात एकच आहेत असं ऐकलं. खरं का?

काही अंशी सिद्ध झालंय. वीज आणि चुंबकत्व एकच हे मॅक्सवेलनं १८६५ मध्ये मांडलं. पुढं ग्लॅशो, सलाम आणि वाइनबर्ग या शास्त्रज्ञांनी त्यात वीक फोर्स जोडला, १९७९ चं नोबेल मिळालं, आणि १९८३ मध्ये युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेत वीक फोर्स वाहून नेणारे डब्ल्यू आणि झेड कण सापडले. स्ट्राँगला त्यात घ्यायचे सिद्धांत आहेत, पुरावा नाही. ग्रॅव्हिटी तर अजून क्वांटमच्या गणितात नीट बसतच नाही. तिच्या लहरी २०१५ ला अमेरिकेतल्या लायगो ह्या यंत्रानं पहिल्यांदा पकडल्या, आणि तसलंच यंत्र, चार-चार किलोमीटर हातांचं, आपल्या हिंगोली जिल्ह्यात होणार आहे. ह्याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

प्रश्न : गडहिंग्लजहून. मुलीला फिजिक्सच करायचंय, पाहुणे म्हणतात स्कोप नाही. काय करू?

करू द्या की. बीएस्सी जवळच्या कॉलेजात, एमएस्सी शिवाजी विद्यापीठात होते, बारावीनंतर पुण्याच्या आयसर ह्या विज्ञान संस्थेची प्रवेश परीक्षा पण देता येईल. गणित मात्र आत्तापासून पक्कं करून घ्या, पुढं पोरं अडतात ती बहुतेक तिथंच, आणि पाहुण्यांना चहा पाजून वाटेला लावा.