प्रतिकारक वाण चार हंगामांत का ढासळतो?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. प्रतिकारक म्हणून आलेला वाण काही वर्षांतच रोगाला बळी का पडतो, आणि नव्या वाणाला आठ-दहा वर्षं का लागतात? पीक पैदाशीत बराच काळ काढलाय, म्हणून सविस्तर लिहितो.

बहुतेक वेळा वाणात काहीच बिघडलेलं नसतं. किडीची किंवा बुरशीची नवी जात आलेली असते. भाताचा आयआर२६ घ्या. तपकिरी तुडतुड्यांना प्रतिकारक म्हणून तो फिलिपिन्समध्ये १९७३ साली आला. सगळा भार एकाच जनुकावर होता. दोन-तीन वर्षांत त्याला न जुमानणारे तुडतुडे शेतात दिसू लागले. मग १९७६ मध्ये वेगळं जनुक घेऊन आयआर३६ आणावा लागला. गव्हात तेच झालं. एसआर३१ या जनुकावर जगभर भिस्त होती, आणि १९९८ मध्ये युगांडात सापडलेल्या यूजी९९ या तांबेरा रोगाच्या बुरशीने ते निकामी केलं.

आमच्या तांबेऱ्याच्या प्लॉटमध्ये हमखास बळी पडणाऱ्या वाणाच्या ओळी मधूनमधून मुद्दाम पेरतात आणि त्यांवर बुरशीचे बीजाणू फवारतात. रोग भरला की तिथून नुसतं चाललं तरी विजार नारिंगी होते. अशा वेळी एखाद्या ओळीवर एकही पुळी नसते. शेजारच्या ओळीवर असतात, पण बारीक, विरळ आणि उशिरा आलेल्या. नवखा माणूस पहिल्या ओळीकडे धावतो. मी दुसरीला खूण बांधतो. स्वच्छ ओळीमागे बऱ्याचदा एकच मोठं जनुक असतं. दुसरीत लहान लहान जनुकं मिळून रोगाचा वेग रोखतात, आणि अशी प्रतिकारशक्ती सहसा जास्त टिकते. गव्हातलं एलआर३४ हे असंच वेग रोखणारं जनुक तर कित्येक दशकं टिकून आहे.

वेळ का लागतो? जनुक रानटी जातीतून आणलं की दाणे झडण्यासारखे नको ते गुणही सोबत येतात. ते काढायला चांगल्या वाणाशी पुन्हा पुन्हा संकर करावा लागतो. मार्करमुळे, म्हणजे हवं ते जनुक रोपात आहे का हे दाखवणाऱ्या डीएनएमधल्या खुणांमुळे, काही वर्षं वाचतात, पण अनेक ठिकाणच्या, अनेक हंगामांच्या चाचण्या टळत नाहीत, टाळूही नयेत. नंतर बीजोत्पादन.

म्हणून वाण निवडताना ‘प्रतिकारक’ एवढ्यावर थांबू नका. प्रतिकारशक्ती किडीच्या किंवा बुरशीच्या कोणत्या जातींविरुद्ध आणि कोणत्या वर्षी तपासली, ते विचारा. आणि सगळं क्षेत्र एकाच वाणाखाली नको. १९७० साली अमेरिकेत बहुतेक मका एकाच प्रकारच्या पेशीद्रव्याचा (पेशीतल्या केंद्रकाबाहेरच्या भागाचा) होता, आणि करपा रोगाने एका हंगामात सुमारे १५ टक्के पीक नेलं.