शरीररचनाशास्त्राच्या वर्गात गटांना प्रश्न देताना

प्रिय सहकारी,
सप्रेम नमस्कार.

येत्या सत्रात शरीररचनाशास्त्र संघाधारित अध्ययनाने, म्हणजे टीबीएलने, शिकवण्याचा तुमचा विचार कळला आणि मनापासून आनंद झाला. लॅरी मायकेलसन यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस ओक्लाहोमा विद्यापीठात व्यवस्थापनाच्या मोठ्या वर्गासाठी ही पद्धत घडवली. वैद्यकीय, नर्सिंग आणि फिजिओथेरपीच्या शिक्षणात ती नंतर आली. तिचा क्रम तुम्हाला ठाऊकच आहे: वाचून येणे, तीच चाचणी आधी एकट्याने व लगेच गटाने सोडवणे, उत्तर पटले नाही तर पुराव्यासह लेखी हरकत घेणे आणि मग उपयोजनाचे प्रश्न. पाच ते सात जणांचे गट तुम्हीच पाडा आणि सत्रभर मोडू नका.

माझे खरे सांगणे उपयोजनाच्या प्रश्नांबद्दल आहे, कारण पद्धतीचा सारा कस तिथेच लागतो. ‘रेडियल नर्व्हच्या (काखेतून हाताच्या मागच्या बाजूने जाणाऱ्या मज्जातंतूच्या) शाखा सांगा’ असा प्रश्न गटाला देऊ नये; एक जण पुस्तकातून उत्तर वाचतो आणि बाकीचे लिहून घेतात. त्याऐवजी असा रुग्ण द्या: मनगट वर उचलता येत नाही, अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या जागेत हाताच्या मागच्या बाजूला स्पर्श कमी जाणवतो, पण कोपर पूर्ण ताकदीने सरळ होते. इजा काखेत आहे, ह्यूमरसच्या, म्हणजे दंडाच्या हाडाच्या, स्पायरल ग्रूव्हमध्ये (नर्व्ह जिथून वळसा घालते त्या खाचेत) आहे की कोपराखाली सुपिनेटर या स्नायूपाशी? कोपर सरळ करणाऱ्या ट्रायसेप्स स्नायूच्या मुख्य शाखा ग्रूव्हच्या आधीच निघतात, म्हणून काख वगळावी लागते. सुपिनेटरमध्ये शिरणारी खोल शाखा त्वचेची संवेदना नेत नाही आणि मनगट उचलणाऱ्या एका स्नायूची शाखा त्याआधीच निघालेली असते, म्हणून तिसरा पर्यायही गळतो. एवढे दुवे जुळवायला सगळ्यांचीच डोकी लागतात.

सर्व गटांना हाच प्रश्न द्या, एकच पर्याय निवडायला लावा आणि उत्तराची कार्डे एकाच क्षणी वर करायला सांगा. उत्तरे वेगवेगळी आली की बरोबर उत्तर सांगण्याचा मोह होईल, तो आवरा. ज्यांचे मत अल्पसंख्य असेल त्यांच्याकडून आधी कारणे ऐका.

यातून व्याख्यानांचे तास कमी करता येतील, विच्छेदनाचे मात्र करू नका. नर्व्ह हाडाला कुठून वळसा घालते हे हाताने शोधलेला विद्यार्थी गटात जे बोलतो, ते चित्र पाठ केलेल्याला बोलता येत नाही.

पहिल्या वर्षी फक्त हाताचा भाग या पद्धतीने घ्या. प्रश्न लिहिताना चुकीच्या पर्यायांवर अधिक वेळ घालवा: रुग्णाचे एखादे लक्षण बदलले की तो पर्याय बरोबर ठरू शकेल, असा प्रत्येक असावा. पहिले चार-पाच प्रश्न तयार झाले की मला पाठवा. आपण बसून पर्यायांवर बोलू.

आपला,
एक ज्येष्ठ शिक्षक