कायोटीसाठी पहिली पिपाणी कोणती घ्यावी?

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की ऑगस्टमध्ये फलटणहून मॅनहॅटनला (न्यूयॉर्कचं नव्हे, कॅन्ससमधलं) पशुपोषण शिकायला येतोयस, ओळखीच्या एका रँचवाल्याने हिवाळ्यात कायोटीच्या (तिथल्या कोल्ह्यासारख्या जंगली जनावराच्या) शिकारीला बोलावलंय, तर तोंडाने वाजवायचा कॉल, म्हणजे भक्ष्याचा आवाज काढून जनावराला जवळ बोलावणारी पिपाणी, कोणता घेऊ आणि तो जमेल का. दादा म्हणून विचारलंस, तर सविस्तर सांगतो.

आधी कंटाळवाणं, पण टाळू नकोस. तू एफ-1 म्हणजे विद्यार्थ्यांच्या व्हिसावर असणार. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूकच काय, काडतूससुद्धा बाळगता येत नाही. शिकारीचा वैध परवाना असला तर सूट मिळते. मित्राची रायफल घटकाभर हातात धरली तरी ते बाळगणंच धरलं जाऊ शकतं. कॅन्ससमध्ये 1 जुलै 1957 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना दुसऱ्याच्या जमिनीवर शिकार करायची तर हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो. तो कर, परवाना काढ, तरीही विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसात एकदा विचार. पहिल्या हिवाळ्यात तर तू फक्त वाजव, गोळी रँचवाल्याला झाडू दे. मी तेच केलं होतं.

आता कॉल. मुख्यतः तीन प्रकार. क्लोज्ड रीडमध्ये पत्ती नळीच्या आत बंद असते. तू फुंकायचंस, आवाज ठरलेलाच येतो, जखमी सशाचा. ओपन रीडमध्ये पत्ती उघडी, ती दात-ओठांत धरायची. टोकाशी धरली की आवाज बारीक, आत सरकवली की जाड. त्यावर ससा, पिल्लाची कुंईकुंई, कायोटीची हूक, सगळं निघतं, पण आधी महिनाभर नुसतं फसफसतं. तिसरा डायाफ्राम, टाळूला चिकटवायचा. हात मोकळे राहतात, पण मला त्याने उलटीच येते, म्हणून पुढे बोलत नाही.

तू क्लोज्ड रीड घे. 15-20 डॉलरांत चांगला मिळतो. गाजराची पुंगी समज, वाजली तर वाजली. फक्त पत्ती प्लास्टिकची बघून घे. माझा पहिला कॉल धातूच्या पत्तीचा होता. जानेवारीत, गोठणबिंदूच्या बऱ्याच खाली, तिसऱ्या फुंकरीला थुंकी आत गोठली आणि आवाजच बंद. समोर चारशे पावलांवर कायोटी थांबून बघतोय, आणि मी कॉल काखेत धरून ऊब देतोय! प्लास्टिकचीही गोठते, म्हणून तेव्हापासून कॉल गळ्यात दोरीने, शर्टाच्या आत. वाजवून झालं की झटकून थुंकी काढायची.

वाजवायचं कसं? गाल फुगवून नाही, पोटातून. तान्हं बाळ ‘ट्यां... ट्यां...’ करतं तसं एकेक रडणं सेकंदाच्या आत-बाहेर, शेवटाला दम सुटल्यासारखं खाली येणारं. दुसरा हात नळीच्या तोंडाशी ओंजळीसारखा धरून उघडझाप केली की त्यात कळवळ येते. सराव गाडीत कर, काचा लावून. मी अपार्टमेंटमध्ये केला तर शेजारीण दार ठोठवायला आली, आणि बायको तिच्यासमोरच म्हणाली, ‘सोड त्या सशाला!’

नवशिका चुकतो तो वाजवण्यात नाही, थांबण्यात. पहिले सूर हळू काढ, कारण जनावर पुढच्याच ओघळीत असू शकतं. अर्धा मिनिट वाजव, मग दोन मिनिटं गप्प. मान हलवायची नाही, नाक खाजवायचं नाही. पंधरा-वीस मिनिटांत काही आलं नाही तर उठून किलोमीटरभर पुढे. आणि वारा! कायोटी आवाजाच्या दिशेने सरळ क्वचितच येतो, वळसा घालून, तुझ्याकडून वारा जिकडे वाहतो त्या बाजूला जातो आणि तुझा वास घेतो. म्हणून वारा तोंडावर घेऊन बस, आणि तो ज्या बाजूने फिरून येईल ती बाजू मोकळी दिसेल अशी जागा धर. आपल्याकडे फासेपारधी तितराची साद हुबेहूब काढतात, तीही लपून बसूनच.

जानेवारी-फेब्रुवारीत त्यांचा माजाचा काळ, तेव्हा हुकेला उत्तर मिळतं. तोवर तुझा हात बसला असेल तर ओपन रीड घे, आधी नको.

दोन धोके. सशाच्या आवाजावर बॉबकॅट, म्हणजे इथली रानमांजरही येते. तिला कायोटी समजून कोणी गोळी घातली तर भानगड, कारण तिला वेगळा परवाना आणि ठरलेला हंगाम आहे. कायोटी मात्र वर्षभर चालतो. दुसरा धोका माणसाचा. तुझ्या ‘सशावर’ दुसरा शिकारीही येऊ शकतो, म्हणून पाठीला झाड किंवा बांध असू दे, आणि माणूस दिसला तर हात हलवू नकोस, मोठ्याने हाक मार.

कुंपणाच्या खांबावर जांभळा रंग दिसला तर तिथे लेखी परवानगीशिवाय शिकार चालत नाही. रँचवाल्याला त्याच्या हद्दीच्या खुणा आधी विचारून घे. आणि बोलताना ‘कायोटी’ म्हणालास तर तो हसेल, इथले जुने शेतकरी ‘काय-ओट’ म्हणतात.